दोनशे चौदा रिकामे रकाने

माझा भाऊ राजानंद काय काम करतो, असं कोणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. सांगायला अर्धा तास लागतो आणि अर्ध्या तासानं समोरचा म्हणतो, म्हणजे कम्प्युटर दुरुस्त करतात का ते? न्हाई हो बाबा, करत न्हाई. दिवसा तो जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या एका कारखान्यात कम्प्युटरचं खातं सांभाळतो, ते पोट भरायचं काम. आणि दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला लॅपटॉप उघडून जगातल्या वीस-बावीस लोकांसोबत एक कागद लिहीत बसतो. सहा वर्षं झाली, एकच कागद लिहून राह्यलेत. मानधन न्हाई, सत्कार न्हाई, साधा चहासुद्धा ज्याचा त्यानं करून प्यायचा.

मी सुमेधा, त्याची थोरली बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. सासर शहागडचं. उन्हाळ्याची सुटी लागली की मी पंधरा-वीस दिवस राजाकडं जालन्याला येते, कारण त्या घरात तो एकटाच राहतो आणि मी आले न्हाई तर तो बिस्किटं खाऊन दिवस काढतो. आमचे बाबा, पुंजाराम, लोखंडाच्या मिलमध्ये होते, ते लवकर गेले. माय, गिरिजाबाई, सहा वर्षांमागं गेली. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली दोघांचे फोटो आहेत आणि मी आल्या आल्या आधी त्यावरची धूळ पुसते, कारण राजाला धूळ दिसतच न्हाई.

तो कागद कशाचा, ते मी माझ्या पद्धतीनं सांगते. क्लाऊड क्लाऊड म्हणतात त्यात ढग-बिग काही न्हाई. कोण्या कंपनीच्या इमारतीत तिची कम्प्युटरं असतात, त्यात आपली माहिती ठेवायची आणि इंटरनेटवरून एका खिडकीतून ती द्यायची-घ्यायची. त्या खिडकीला ही लोकं इंटरफेस म्हणतात. खोट अशी की प्रत्येक कंपनीची खिडकी वेगळी, एकीचा फॉर्म दुसरीकडं चालत न्हाई. आमच्या शाळेतून नाव काढून पोरगं नांदेडला गेलं तरी आमचा दाखला तिथं बराबर चालतो, कारण दाखल्याचे रकाने सगळीकडं सारखे. राजाच्या लोकांना असाच एक सारखा दाखला ठरवायचा होता. सगळ्या कंपन्यांनी पाळायचा, पण मालकी कोणाचीच न्हाई, कोणीही वाचावा आणि वापरावा. खुलं मानक म्हणतात त्याला.

त्या शंभर पानांच्या कागदात राजाला फक्त एक कलम पाहिजे होतं. एका कंपनीकडून दुसरीकडं माहिती नेताना जे नेता आलं न्हाई, त्याची जागा कोरी दाखवायची न्हाई. इथं काहीतरी होतं आणि ते आलं न्हाई, असं तिथं लिहायचं आणि माणसानं बघितल्याशिवाय पुढं जायचं न्हाई. आणि हे सगळ्यांना बंधनकारक. बास, एवढंच. बाकी नव्व्याण्णव पानं त्यांनी कशीही लिहावी, त्याला काही घेणं नव्हतं.

हे डोक्यात आलं कुठून, तर माझ्याकडूनच. मी एकदा असंच माहितीचे तक्ते भरत बसल्ते त्याच्या घरी. आमच्याकडं वरच्या कार्यालयात तक्ता पाठवताना एखाद्या रकान्यात काही नसलं तर 'निरंक' लिहावं लागतं. कोरा सोडला की तक्ता परत येतो. राजानं विचारलं, का गं, कोरं म्हणजे न्हाईच ना? मी म्हटलं, कसं काय? कोरं म्हणजे न्हाई का लिहायचं राहिलं, हे साहेबाला कसं कळणार? तो माझ्याकडं लई वेळ बघत राहिला. मला वाटलं, चहा पाहिजे असंल.

हे माय गेल्यावर तीन-चार महिन्यांनी झालं. मायचं आता सांगते.

आमच्या घरामागच्या गल्लीत एक छोटा खासगी दवाखाना होता. मायचं बीपीचं, सांध्याचं सगळं तिथंच. तिथं चांगुणाबाई नावाच्या सिस्टर होत्या. पेशंट जे सांगंल ते सगळं त्या कम्प्युटरवर शेऱ्याच्या रकान्यात मराठीत टाईप करून ठेवायच्या. हे आजोबा उपाशीपोटी येतात. या बाईचा मुलगा पुण्याला आहे, फोन उचलत न्हाई. डाक्टर हसायचे, पण सुई भरायच्या आधी शेरा वाचायचे. मायला एकदा अंबडला कुठल्यातरी इंजेक्शननं त्रास झाल्ता. औषधाचं नाव तिला कुठून माहीत असणार? कम्प्युटरवरच्या औषधांच्या यादीतून निवडायचं म्हटलं तर चांगुणाबाईंनाही ते सांगता येईना. म्हणून त्यांनी मायला दोनदा विचारून शेऱ्यात लिहिलं.

मंग ज्या कंपनीच्या क्लाऊडवर दवाखान्याची माहिती होती, त्या कंपनीनं सांगितलं की आम्ही बंद करून राह्यलो, दोन महिन्यांत काय ते घेऊन जा. डाक्टरांनी राजाला बोलावलं. घरचा पोरगा, कम्प्युटर शिकलेला. त्यानं दोन रविवार बसून सगळी माहिती नव्या कंपनीकडं चढवली. माय गल्लीभर सांगत फिरली की माझ्या राजानं अख्खा दवाखाना उचलून दुसरीकडं ठेवला आणि एक पेशंट सांडू दिला न्हाई. मी पण शाळेत सांगितलं. का न्हाई सांगणार, भाऊ आहे माझा.

त्याच वर्षी श्रावणात मायला ताप आला. मी जालन्यालाच होते, मीच तिला घेऊन गेले. नेहमीचे डाक्टर बाहेरगावी गेल्ते, त्यांच्या जागी एक तरुण डाक्टर होता. चांगुणाबाईंची सुटी होती. मायला ग्लानी आल्ती, बोलत नव्हती. डाक्टरनं कम्प्युटर बघितला, सुई लावली आणि अर्ध्या तासात मायचा श्वास अडकला. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात न्यायला ऑटोत घातलं, तेव्हा ती संपल्ती.

मला रडू आलं न्हाई. हात-पाय चालत होते, मी पांढऱ्या साड्या काढल्या, भंतेजींना फोन केला, वंदनेला म्हणायचं तेही म्हटलं. राजाला पण न्हाई आलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोन-अडीचशे माणसं जेवली आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ वाढत होतो. लोकं म्हणाली, खंबीर आहेत पोरं. खंबीर कसली, आतून सगळं बधिर झाल्तं. सहा वर्षं ते तसंच होतं. दूध उतू गेलं तर मी घर डोक्यावर घ्यायची, पण मायच्या फोटोसमोर उभं राहिलं की काहीच वाटायचं न्हाई.

राजा त्यानंतर त्या गुरुवारच्या लोकांत गेला. मला वाटलं, दुःखात माणूस कुठं तरी मन गुंतवतो, तसं असंल. मंग वर्षं जात राहिली आणि मला चीड यायला लागली. पोरी बघितल्या, ह्यानं गुरुवार आहे म्हणून भेटायला जायचं टाळलं. कारखान्यात मोठं पद मिळत होतं, ते घेतलं न्हाई, संध्याकाळी थांबावं लागलं असतं म्हणून. मी त्याला तोंडावर म्हटलंय, एका कलमासाठी जन्म घालवतो का रे मूर्खा? तो 'हं' म्हणायचा. रागवावं तर रागवायचा पण न्हाई.

या मे महिन्यात ते प्रकरण शेवटाला आलं. त्यांची एक रीत आहे, ती सांगायला पाहिजे. त्यांच्याकडं हात वर करून मतदान न्हाई. अध्यक्षबाई विचारतात, हरकत? आणि दहा आकडे मोजतात. कोणी बोललं न्हाई तर मंजूर. गप्प राहणं म्हणजे होकार. आणि कोणी हरकत घेतली, तर ज्याचं कलम आहे त्यानं ठरल्या तारखेपर्यंत उत्तर द्यायचं. न्हाई दिलं, तर हरकत खरी धरतात. राजाच्या कलमावर एका मोठ्या कंपनीच्या माणसानं हरकत घेतल्ती. त्याचं म्हणणं, असं प्रत्येक ठिकाणी थांबत बसलं तर कामं खोळंबतील, हे कलम ऐच्छिक ठेवा. आणि शेवटी विचारलं होतं: नेताना एखादा शेरा गळाल्यानं प्रत्यक्षात कोणाचं नुकसान झालं, असं एक तरी उदाहरण आहे का? उत्तर बावीस तारखेच्या गुरुवारपर्यंत.

ऐच्छिक म्हणजे काय, ते मला शाळेत राहून चांगलं ठाऊक आहे. ऐच्छिक म्हणजे कोणी करणार न्हाई.

राजानं उत्तरच लिहिलं न्हाई. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी त्यानं रजा टाकली आणि दुपारभर कूलरसमोर लॅपटॉप उघडा ठेवून नुसता बसून राहिला. ताटातली भाकर वाळून कडक झाली. मी म्हटलं, सहा वर्षं घासली आणि आता दोन ओळी लिहायला हात दुखतो का? तो उठून पाण्याला गेला, तेवढ्यात मी स्क्रीनसमोर बसले. मीच लिहिते म्हटलं, चौथीला इंग्रजी शिकवतेच की मी.

सगळं इंग्रजी होतं. कागदाच्या शेवटी नमुन्याच्या ओळी होत्या. कोणत्याही कंपनीला आम्ही हे मानक पाळतो असं म्हणायचं असंल, तर त्या ओळी तिनं इकडून तिकडं पाठवून जशाच्या तशा आणून दाखवायच्या. एक जपानी होती, एक अरबी होती. आणि मधी एक मराठी. 'लाल झाकणाच्या बाटलीचं इंजेक्शन देऊ नये. अंगावर गांधी उठतात, दम लागतो.'

मी दोनदा वाचली. राजा तांब्या घेऊन दारात उभा होता. मी विचारलं, हे कोणाचं आहे. त्याला खोटं बोलता येत न्हाई, लहानपणापासून न्हाई.

त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं. माहिती नेताना मराठीतले दोनशे चौदा शेरे नव्या ठिकाणी उमटले न्हाईत, त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या. त्यानं जुन्या कम्प्युटरवर त्यातले पाच-सहा उघडून बघितले. कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाला चहा लागतो. त्याला वाटलं, चांगुणाबाईंच्या गप्पा आहेत सगळ्या. प्रश्नचिन्हं डाक्टरांच्या स्क्रीनवर घाण दिसतील, आपलं काम कच्चं वाटंल, म्हणून त्यानं ती पुसली. दोनशे चौदा रकाने कोरे करून टाकले. मंग जुनी कंपनी बंद झाली. माय गेल्यावर तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई घरी आल्या, तेव्हा त्या पाणी पिता पिता म्हणाल्या, मी तर शेऱ्यात लिहिल्तं, नव्या डाक्टरनं कसं न्हाई वाचलं? मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. राजा समोर बसला होता. त्यानं त्यांच्याकडून मायची ती ओळ शब्दाला शब्द विचारून घेतली, आणि पुढं तीच ह्या नमुन्यांत घातली.

"नुसती ती चिन्हं जरी राहू दिली असती ना ताई," राजा म्हणाला, "तर त्या डाक्टरनं विचारलं असतं. हे काय हाये म्हणून."

मला राग यायला पाहिजे होता. मी वाट बघितली, पण आला न्हाई. मी तांब्या त्याच्या हातातून घेतला, कारण तो कलंडून पाणी सांडत होतं.

मंग मी माझं सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्याला सुद्धा न्हाई. त्या डाक्टरनं विचारलं होतं. त्यानं विचारलं होतं मला, आजीला कुठल्या औषधाचा त्रास होतो का? आणि मला अंबडचं माहीत होतं, अर्धवट का होईना माहीत होतं. एवढं म्हटलं असतं की हो, एकदा झाल्ता, तर तो थांबला असता. पण मला मोठेपणा दाखवायचा होता. मी म्हटलं, "सगळं तुमच्या कम्प्युटरवर हाये डाक्टर. आमच्या भावानंच चढवलंय."

राजा 'हं' म्हणाला. मंग बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी फरशीवरचं पाणी पुसलं. त्या दिवशी स्वयंपाकात मी मीठ घातलं का न्हाई, ते खाताना दोघांनाही कळलं न्हाई.

गुरुवारी साडेसातला तो लॅपटॉपसमोर बसला, तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. मी त्याला सांगितलं, उदाहरण विचारलंय ना, मंग दे. तो म्हणाला, सगळ्यांना कळंल. मी म्हटलं, कळू दे. आपल्याला कळलंच आहे, आता बाकीच्यांचं काय.

चौकोनात चेहरे होते. हरकत घेणारा माणूस चष्मेवाला, मागं पुस्तकांचं कपाट, चेहरा काही वाईट नव्हता. मला उगीच वाटायचं की तो राक्षस असंल. अध्यक्षबाईंनी कलमाचा आकडा वाचला आणि विचारलं, उत्तर आलंय का. राजानं आवाजाचं बटन दाबलं. इंग्रजीत बोलला, हळू, शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द मांडत.

"उदाहरण आहे. माहिती नेणारा मीच होतो. दोनशे चौदा रकाने मी स्वतः कोरे केले. त्यातला एक माझ्या आईचा होता, आणि डाक्टरनं त्या कोऱ्या रकान्यावर विश्वास ठेवला."

एवढंच बोलून त्यानं बटन परत दाबलं. एक बाई तोंडावर हात धरून बसली. चष्मेवाल्यानं चष्मा काढला आणि परत लावला. अध्यक्षबाईंनी थोडं थांबून, नेहमी विचारतात तसंच विचारलं, हरकत? आणि मोजायला लागल्या.

आमच्या गावच्या सभेत कोणी गप्प बसत न्हाई आणि काही मंजूर होत न्हाई. मी अशी शांतता आयुष्यात ऐकली नव्हती. सहावर येईपर्यंत मी त्या चष्मेवाल्याच्या ओठांकडं बघत होते. आठ झाले, नऊ झाले. त्यानं आपलं बटन दाबलंच न्हाई. दहा झाले आणि बाई म्हणाल्या, मंजूर, बंधनकारक. आणि पुढचं कलम घेतलं.

राजानं लॅपटॉप मिटला. सहा वर्षांचं काम दहा आकड्यांत झालं होतं, आणि त्याचा चेहरा भाजी आणायला निघाल्यासारखा होता. मला म्हणाला, भाकर झाली का. मी म्हटलं, टाकते. आनंद झाला का, असं विचारायचं मनात आलं, पण मलाच झाला नव्हता तर त्याला काय विचारू.

दिवाळीच्या सुटीत मी परत गेले. कागद तोवर छापून जगासमोर आल्ता. त्या चष्मेवाल्याचं राजाला पत्र आल्तं, की आमच्या कंपनीनं सगळ्यांच्या आधी नमुन्याच्या ओळी पाठवून बघितल्या, आधी तुमची मराठी ओळ अडली, मंग आम्ही आमची खिडकी दुरुस्त केली, आता जाते. दुसऱ्या चार कंपन्यांचंही तसंच. राजा म्हणाला, आता कोणीही आपलं काही बदललं की आधी ह्या ओळी पाठवून बघतात. दिवसातून कितीदा तरी जाते ती, कुठून कुठं.

मी म्हटलं, मला दाखव.

त्यानं लॅपटॉप उघडला. दोन खिडक्या शेजारी शेजारी. डावीकडं ओळ होती, त्यानं बटन दाबलं. उजवीकडं काही नव्हतं, आणि मंग ती आली. 'लाल झाकणाच्या बाटलीचं इंजेक्शन देऊ नये. अंगावर गांधी उठतात, दम लागतो.' काना-मात्रा सगळा जागेवर. मी ती मोठ्यानं वाचली, वर्गात वाचते तशी. माय चांगुणाबाईंना हे सांगत होती तेव्हा तिनं पदर कसा धरला असंल, ते मला एकदम दिसलं.

राजानं स्क्रीनवरची नजर काढली न्हाई. मेमधल्या त्या बुधवारनंतर आम्ही त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. आता तो बोलला, सहज, मीठ मागितल्यासारखं.

"ताई, आता डाक्टरनं विचारलं ना, तर कम्प्युटरवर हाये म्हणलीस तरी चालंल."

मला सहा वर्षांत पहिल्यांदा रडू आलं. पदर तोंडात धरून रडले, शेजारची साधना दारात येऊन विचारून गेली इतकं. राजाला न्हाई आलं. त्यानं माझ्या पाठीवर एक हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं परत ते बटन दाबलं.